म्हशीची भिशी

सोमवारी सकाळी खोलीत येऊन मी संगणक सुरू केला, सवयीने ‘सनई’ नावाचा फोल्डर उघडला आणि चष्मा काढून पुसला. उत्तरपत्रिका तपासायला मी दोन आठवडे सोलापूरला होतो. जाताना त्या फोल्डरात एक भलंमोठं गणित मांडून ठेवलं होतं, न सोडवलेलं. आता ते सुटलेलं होतं. फायलींची नुसती रास पडली होती.

मी हेडफोन कानाला लावले आणि सर्वांत शेवटची फाइल वाजवली. आधी नुसती हवा ऐकू आली, गरम चहावर कुणी फुंकर घालावी तशी. मग त्या हवेत काहीतरी थरथरलं, अडखळलं, आणि पीं करून सनईचा सूर उभा राहिला. मी तो पुन्हा वाजवला. पुन्हा वाजवला. मग खुर्ची मागे सारून टेबल आणि कपाट यांच्यामधल्या जागेत मला जमेल तेवढा नाचलो.

आम्ही जातीचे गुरव. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवळातली सनई. मला ती कधी धड वाजवता आली नाही, म्हणून मी भौतिकशास्त्रात शिरलो आणि ती का वाजते याच्या मागे लागलो. पत्तीच्या इवल्या फटीतून फुंकर आत जाते आणि पलीकडून सूर होऊन बाहेर पडते. या दोन्हींच्या मधल्या क्षणात हवेचं काय होतं, हा माझा आयुष्यभराचा प्रश्न. प्रश्न क्षणाचा असला तरी त्यातल्या हवेचा कण न्‌ कण मोजायचा तर साधा संगणक म्हातारा होऊन मरेल.

“काय भावा, लगीन जमलं का काय?”

दारात जांभळे उभा होता. डॉ. भाऊसाहेब जांभळे, समोरच्या खोलीतला भूकंपवाला. कोयनेच्या धरणाखाली जमीन का हलते हे शोधण्यात त्याची हयात चालली होती, आणि तो चालायला लागला की आमच्या व्हरांड्याची जमीन हलायची.

“जांभळे, माझी सनई झाली!”

“झाली म्हंजे? भिशी तर तुला लागली न्हाई.”

“तेच तर कळत नाही. आपोआप झाली.”

“आपोआप म्हैस दूध देती व्हय रं?” असं म्हणून त्याने माझ्या डोक्यावरचे हेडफोन उचलले, कानाला लावले आणि डोळे मिटून मान डोलावली. “पर झ्याक वाजतीय.”

ही म्हैस आणि भिशी काय ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मुसळ केरात.

आमच्या विद्यापीठात तेव्हा नवा महासंगणक आला होता. हजारो संगणक एकमेकांना जुंपावेत आणि सगळ्यांनी मिळून एकच गणित ओढावं, असं ते यंत्र. कागदोपत्री त्याला कुणा ऋषीचं भारदस्त नाव होतं, पण पहिल्याच उन्हाळ्यात त्याचं नाव म्हैस पडलं. अंगाने काळं, वैरणीसारखी वीज खाणारं, आणि सतत गारव्यात ठेवलं नाही तर बसकण मारणारं. कोल्हापुरात दुसरं काय नाव सुचणार? तिला बांधलेली इमारत म्हणजे गोठा. तिथे आत शिरायचं तर स्वेटर लागायचा आणि बोलायचं तर ओरडावं लागायचं.

या म्हशीचं दूध सगळ्या खात्यांना सारखं वाटलेलं. महिन्याला ज्याला त्याला ठरलेला वाटा, आणि महिना संपला की उरलेला वाटा बुडाला. वाटा असा की चहापुरता पुरावा, पण बासुंदी करायची तर काय उपयोग? म्हणून आम्ही पाच जणांनी भिशी काढली. दर महिन्याला पाचही जणांचे वाटे एकत्र करायचे, चिठ्ठी टाकायची आणि जिचं किंवा ज्याचं नाव निघेल तिने किंवा त्याने अख्खी धार एकट्याने न्यायची. ज्याला एकदा लागली तो त्या फेरीतून बाद. बायकांच्या भिशीत हेच चालतं, फरक एवढाच की आमच्यात कुणी नव्या साड्या नेसून येत नसे.

मी सनईवाला, जांभळे भूकंपवाला. तिसऱ्या आवटे मॅडम, इतिहास विभागातल्या. मोडीतले हजारो जुने कागद यंत्राला वाचायला शिकवायचे हा त्यांचा ध्यास. चौथे खगोलशास्त्राचे प्रा. रत्नाकर उपाध्ये. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की पुढे कोट्यवधी वर्षं काय गोंधळ होतो ते ते पाहत. आकाशात कितीही गोंधळ चालो, जमिनीवर त्यांना तो खपत नसे. भिशीचे नियम त्यांचे. प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं, तेही शाईच्या पेनाने, कारण पेन्सिल खोडता येते. एक चिठ्ठी काढून झाली की उरलेल्याही उघडून मोठ्याने वाचायच्या, म्हणजे कुणी दोनदा नाव टाकलं अशी शंका नको. आणि शेवटी सगळ्या चिठ्ठ्या सर स्वतः डोळ्यांखालून घालणार. सर जैन, सूर्यास्तानंतर जेवत नसत, म्हणून भिशी दुपारी चारला. आम्ही मिसळ हाणायचो आणि सर घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यातलं ताक प्यायचे, सावकाश, टेबलावर एक थेंब न सांडता.

आणि पाचवी शाहीन.

ती त्याच वेळी दारात आली. हातात डबा, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण आणि हसू.

“गुरव सर, जांभळे सर, ईद मुबारक. सांदणं आणली आहेत आईने केलेली. आधी खाऊन घ्या, मग माझ्याबरोबर चला. माझं गणित काल संपलं! मी अजून उघडून पाहिलेलं नाही. म्हटलं, तुमच्यासमोरच उघडू.”

डॉ. शाहीन मुजावर ही देवगडकडची. आमच्यात वयाने सर्वांत लहान. तिचा विषय फुरसं. वीतभर लांबीचा हा साप कोकणात आंब्या-काजूच्या बागेत पाचोळ्याखाली बसलेला असतो आणि चावला की माणसाचं रक्त गोठायचं विसरतं. तिच्या खालाला, म्हणजे मावशीला, तिच्या लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत चावलेलं. खाला वाचली, पण हात अधू झाला. त्या विषातल्या मुख्य रेणूच्या जबड्यात पाचर बसावी तसा अडकून बसेल असा दुसरा रेणू शाहीन शोधत होती. नमुने पुष्कळ होते. त्यांतला कुठला टिकतो आणि कुठला निसटतो हे प्रयोगशाळेत एकेक करून पाहायचं तर वर्षं लागली असती. म्हशीने ते पंधरा दिवसांत सांगितलं असतं. शिवाय तिच्या प्रकल्पाची मुदत दिवाळीला संपत होती. तोवर तिला समितीपुढे निकाल ठेवायचे होते. ठेवले तर प्रकल्प पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळून गावी. म्हणून नव्या फेरीतली पहिलीच भिशी तिला लागली तेव्हा आम्ही मिसळीवर दोन-दोन पाव जास्त खाल्ले होते.

मी डब्याकडे पाहिलं. मग माझ्या पडद्याकडे.

“शाहीन,” मी म्हटलं, “तुझं गणित सुरू कधी झालं होतं?”

“तुम्ही सोलापूरला गेलात त्या संध्याकाळी. का हो?”

“आणि मधे पाहिलं नाहीस?”

“गावी इंटरनेट कुठे आहे सर? गोठ्यात फोन करून विचारायची रोज. ते म्हणायचे, चालू आहे मॅडम, जोरात चालू आहे.”

जोरात चालूच होतं. म्हशीला काय करायचं ते सांगणारी एक छोटी फाइल असते, तिला आम्ही स्क्रिप्ट म्हणतो. ती कुणी कधी स्वतः लिहीत नाही. जांभळेने कुणाची तरी उचलली, माझ्याकडे जांभळेची आली, आणि शाहीनला मी माझी दिली होती. सोबत माझा फोल्डरही तिच्यासाठी उघडा ठेवला होता, नमुना म्हणून. आपापली नावं बदलायची आणि स्क्रिप्ट धाडून द्यायची, एवढंच काम. शाहीनने सगळं बदललं होतं. फक्त तळाशी कुठला फोल्डर उघडायचा ती एक ओळ राहून गेली होती. ती अजून म्हणत होती: सनई.

तिचा फोल्डर आम्ही तिघांनी मिळून उघडला. तो चकचकीत रिकामा होता.

मग शाहीनच म्हणाली, “म्हणजे सर, पंधरा दिवस म्हशीने सनई वाजवली?”

आणि ती हसायला लागली. जांभळेपण हसायला लागला. मला हसू आवरेना. तिघंही पोट धरून हसलो, आणि हसता हसता ती कधी रडायला लागली ते आम्हाला कळलंच नाही. जांभळेने खिशातून भला मोठा रुमाल काढला, पण तो द्यावा की नाही हे न सुचून स्वतःचंच तोंड पुसलं.

“चूक माझी आहे,” ती डोळे कोरडे करत म्हणाली. “एक ओळ. इतकं साधं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका सर. सनई तरी ऐकवा.”

मी ऐकवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, “सुंदर आहे हो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खरं सांगतो, आनंद काही जाईना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी झालो होतो, तोही फुरशाच्या बिळावर.

त्याच दुपारी भिशी मंडळाची तातडीची बैठक भरली. मिसळ कुणी मागवली नाही, त्यावरून प्रसंग ओळखावा. उपाध्ये सरांनी सगळी हकिकत ऐकून घेतली, पेल्यातल्या ताकाचा एक घोट घेतला आणि पेला होता त्याच जागी ठेवला.

“नियम स्पष्ट आहे. जिची चिठ्ठी, तिची भिशी. यंत्र डॉ. मुजावरांच्या नावाने चाललं. त्यांची पाळी झाली.”

“मला मान्य आहे सर,” शाहीन म्हणाली.

“मान्य कसलं?” जांभळे उसळला. “सर, ह्या महिन्याची धार सरळ देऊन टाकू की पोरीला. मलाबी घाई हाय, कोयनेची नवी मोजमापं येऊन पडल्यात, पर माझा भूकंप काय पळून जातोय व्हय?”

“जांभळे, बसा,” सर म्हणाले. “तुम्ही म्हणता ते आज गोड वाटतं. पण उद्यापासून आपण गरजा तोलायला लागू. विष आणि भूकंप यांच्यात माणसांचे जीव आहेत. मग माझ्या दीर्घिकांना कोण विचारणार? त्या आदळल्या काय आणि नाही आदळल्या काय, कुणाच्या घरची चूल विझत नाही. आवटेबाईंचे कागद तीनशे वर्षं थांबले, आणखी थांबतील, असंच ना? चिठ्ठी आंधळी आहे म्हणून आपण पाचही जण या टेबलाशी सारखे बसतो. तिचे डोळे उघडले की भिशी मोडली.”

आवटे मॅडमनी नाइलाजाने मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. मलाही पटलं होतं, हीच तर पंचाईत.

“सर,” मी म्हटलं, “चिठ्ठी आंधळी, कबूल. पण दूध कुणी प्यालं? मी. पोटभर. माझं वर्षाचं काम झालं. ढेकर माझा, आणि जेवली म्हणून नाव तिचं?”

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर गोठ्याच्या यंत्रांची घरघर चालू होती.

“हे योग्य आहे,” ते अखेर म्हणाले. “पंगतीत जो जेवला त्याचं पान उचलायचं. गुरव जेवले, ते या फेरीतून बाद. डॉ. मुजावर उपाशी आहेत, त्यांची चिठ्ठी परत डब्यात जाईल. पण फक्त डब्यात. शुक्रवारी नेहमीप्रमाणे सोडत. चार चिठ्ठ्या, चार माणसं. कसलीही सवलत नाही.”

“एवढं पुष्कळ झालं सर,” शाहीन म्हणाली. पण हिशेब सगळ्यांनाच कळत होता. तिचं नाव निघालं नाही तर पुढची सोडत दिवाळीनंतर, आणि तेव्हा वरातीमागून घोडं.

“सोडत गुरव काढतील,” सर उठता उठता म्हणाले. “त्यांचाच काय तो यात आता स्वार्थ उरलेला नाही.”

शुक्रवारी मी डोक्याला तेल लावून, देवाला नमस्कार करून गेलो. आमच्या घरच्या देवाने आजवर लग्नमुंजींची काळजी वाहिली होती, रेणूंशी त्याचा संबंध आला नव्हता. तरी म्हटलं, सांगून ठेवावं.

गोठ्याच्या शेजारच्या खोलीत लांब टेबल होतं. मिसळ आली होती आणि कुणी खात नव्हतं. चौघांनी चार कोपऱ्यांत तोंडं फिरवून शाईच्या पेनाने चिठ्ठ्या लिहिल्या. आवटे मॅडमनी हाताचा आडोसा केला. जांभळे इतका वाकला होता की त्याच्या पाठीमागे टेबल दिसेना. उपाध्ये सरांनी लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावलं, ते पुन्हा काढलं, आणि पुन्हा लावलं. चिठ्ठ्यांच्या घड्या डब्यात पडल्या. मी डबा हलवला.

“काढा,” सर म्हणाले.

मी डोळे मिटून हात घातला. बोटांना पहिली लागली ती बाहेर काढली आणि उघडली.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: भाऊसाहेब जांभळे.

एक क्षण मी तसाच पाहत राहिलो, आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की हे अक्षर जांभळेचं नाही. जांभळेचं अक्षर म्हणजे बैलगाडी उलटावी तसं. हे गोल, स्वच्छ, मात्रा नीट बसवलेलं अक्षर मी रोज पाहत होतो. शाहीनचं. ‘मलाबी घाई हाय’ असं तो बोलून गेला होता आणि तिने ते मनात ठेवलं होतं. आपण एकदा चुकलो, आता दुसऱ्याच्या वाटेत यायचं नाही, असं ठरवून त्या पोरीने स्वतःलाच डब्याबाहेर ठेवलं होतं.

मी वर पाहिलं. ती खाली मान घालून गार झालेल्या मिसळीत चमचा फिरवत होती.

मी जन्मात खोटं बोललो नाही असं म्हणणार नाही, पण विज्ञानाच्या कामात बोललो नव्हतो. एकेका आकड्यासाठी महिनोन्‌महिने रखडलेला माणूस मी. त्या दिवशी मात्र चिठ्ठी छातीशी धरली आणि खणखणीत आवाजात वाचलं, “डॉ. शाहीन मुजावर.”

जांभळेने टेबलावर असा हात मारला की चारही वाट्यांतला रस्सा उडाला. आवटे मॅडमनी डोळे मिटून हुश्श केलं. शाहीनने झटकन मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, निव्वळ गोंधळ होता. तिने तोंड उघडलं.

“आता उरलेल्या,” सर म्हणाले. “नियमाप्रमाणे.”

मला तशी भीती नव्हती. उरलेल्या तीन चिठ्ठ्यांत जांभळे, आवटे आणि उपाध्ये अशी तीन नावं निघतील, हिशेब जुळेल आणि माझं खोटं त्यात विरघळून जाईल. मी दुसरी चिठ्ठी उघडली.

उलटलेल्या बैलगाडीच्या अक्षरात लिहिलं होतं: शाहीन मुजावर.

मी जांभळेकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

“वाचा,” सर म्हणाले.

“भाऊसाहेब जांभळे,” मी वाचलं.

जांभळे छतावरून धाडकन खाली आला. “माझं?” तो म्हणाला. मग सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळलेल्या पाहून घाईघाईने म्हणाला, “व्हय व्हय, माझंच. माझंच असणार की.”

तिसरी चिठ्ठी. झरझर एका ओळीला टांगलेलं, मोडीच्या वळणाचं देवनागरी. सबंध विद्यापीठात असं लिहिणारी एकच बाई. शाहीन मुजावर.

“कुमुदिनी आवटे,” मी वाचलं.

आवटे मॅडमना ठसका लागला. त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि काचेच्या वरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या जुन्या कागदावर खोटी मोहोर सापडली आहे.

चौथी चिठ्ठी उघडायची मला गरजच नव्हती. ती उपाध्ये सरांची. नियम करणाऱ्या माणसाची. निदान ही एक तरी खरी वाचायला मिळेल, म्हणून मी ती निर्धास्त उघडली.

मुंगीने चालून जावं तसं बारीक, सरळ, एकसारखं अक्षर होतं. आदरार्थी पदवीसकट: डॉ. शाहीन मुजावर.

किती वेळ मी त्या चिठ्ठीकडे पाहत राहिलो कोण जाणे. चिठ्ठीचे डोळे उघडले की भिशी मोडली, असं बजावून सांगणारा माणूस माझ्या समोर ताठ बसला होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“रत्नाकर उपाध्ये,” मी वाचलं.

सर दचकले नाहीत. फक्त त्यांनी चष्म्याआडून मला एकदा नीट पाहिलं. मीही पाहिलं. त्या नजरेत आम्हाला एकमेकांचं सगळं कळलं.

चारही चिठ्ठ्या ताटलीत उघड्या पडल्या होत्या. आता फक्त शेवटचा नियम उरला होता. सरांनी त्या डोळ्यांखालून घालायच्या आणि ‘रीतसर’ म्हणायचं. त्यांनी नेहमीसारखा ताटलीकडे हात नेला. जांभळेने श्वास रोखला. आवटे मॅडमनी ग्लास खाली ठेवला नाही. शाहीन खुर्चीतून अर्धी उठली होती आणि म्हणत होती, “सर, एक मिनिट, मला काहीतरी सांगायचं—”

सरांचं कोपर पेल्याला लागलं. अख्खा पेलाभर ताक त्या ताटलीत पालथं झालं.

“अरेरे,” सर म्हणाले. “सांडलं.”

पांढऱ्या ताकात निळी शाई हळूहळू पसरत गेली. सगळी अक्षरं एकमेकांत मिसळली आणि कुणाची कुठली ते ओळखू येईना. सरांनी ताटली उचलून शांतपणे खिडकीत ठेवली, रुमालाने टेबल पुसलं आणि हात झटकले.

“रीतसर,” ते म्हणाले. “डॉ. मुजावर, उद्या सकाळीच काम लावा. आणि तळची ओळ बदला.”

तिने ती ओळ बदलली. बदलल्यावर मला बोलावून दाखवली, मग आवटे मॅडमना, मग जांभळेला, आणि शेवटी सर स्वतः स्वेटर घालून गोठ्यात आले आणि त्यांनी मोठ्याने ती वाचली. म्हशीने पंधरा दिवस फुरशाचं विष रवंथ केलं. मांडलेल्या नमुन्यांतले बहुतेक निसटले, पण दोन रेणू जबड्यात असे रुतले की काही केल्या सुटेनात. दिवाळीच्या आधी तिने ते समितीपुढे मांडले आणि प्रकल्प पुढे चालू राहिला. औषधाची वाट अजून लांबच आहे, ती स्वतः हेच सांगते, पण आता त्या वाटेवर देवगडला तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि हाताखाली पाच-सहा मुलं. तिच्या खोलीच्या भिंतीवर त्या दोन रेणूंचं चित्र आहे. फोन वाजला की सनई वाजते, एकदाच, पीं करून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ती म्हैस कधीच मोडीत निघाली, तिच्या जागी तिच्या पाचपट दूध देणारी आली. उपाध्ये सर आणि आवटे मॅडम निवृत्त झाले, जांभळे गेल्या वर्षी झाला. तरी आम्ही चौघं दर महिन्याला दुपारी चारला भेटतो. चिठ्ठ्या नसतात, मिसळ असते.

आणि दर दिवाळीला देवगडहून जांभळेच्या नावाने काजूची एक पेटी येते. शाहीनने त्या दिवशीचा हिशेब स्वतःशी मांडला होता. तिच्या चिठ्ठीवर जांभळेचं नाव, आणि डब्यातून निघालेली नावं जांभळे, आवटे, उपाध्ये आणि ती स्वतः. म्हणजे तिचं नाव लिहिणारा माणूस एकच असू शकतो, जांभळे. हिशेब चोख होता. फक्त वाचणारा खोटा होता, हे तिला कुणी सांगितलं नाही.

“ही पोरगी दरसाल मलाच का काजू धाडती रं?” जांभळे दर वर्षी विचारतो आणि पेटी टेबलावर उघडतो. आवटे मॅडम काही बोलत नाहीत. मी काही बोलत नाही. उपाध्ये सर काजूंच्या चार सारख्या वाटण्या करतात, एकेक प्रत्येकाच्या पुढे सरकवतात आणि मग आपलं ताक पितात, सावकाश, एक थेंबही न सांडता.